रघुवीरला दाखवायची मैदाने

३ जून २००७, रविवार. नॉटिंगहॅम

रघुवीर हे गाव सोडून चालला आहे. आज दुपारी तो आणि मनीषावहिनी आमच्याकडे जेवायला आले होते. मृणाल मसालेभात दुसऱ्यांदा वाढत असताना त्याने अगदी सहज, मीठ मागावे तशा स्वरात सांगितले, की सप्टेंबरअखेर ते दोघे स्टॅनमोरला, लेकीच्या घराजवळ, कायमचे राहायला जात आहेत.

"लंडनला जाऊन करणार काय तू?" मी विचारले.

"दियाच्या पोराला स्कूलमधून आणणार. आणि तुझ्या लेक्चर्समधून रिटायर होणार, प्रोफेसर."

सगळे हसले. मीही हसलो आणि ताटातला भात चिवडत राहिलो.

मी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवले; रघुवीरने इथल्याच रुग्णालयात रोग्यांना भूल दिली. गेल्या वर्षी त्याने मुदतीच्या पुष्कळ आधी निवृत्ती घेतली. भूल देणाऱ्या माणसाला थकवा लवकर येत असावा. आमची मैत्री जमली ती गोल्फवर. खेळात तो माझ्याहून सरस, बोलण्यात मी. मात्र इतकी वर्षे आम्ही कौन्सिलच्या त्याच एका मैदानावर खेळलो. हाकेच्या अंतरावर हीथलँडची, म्हणजे रेताड माळावरची, आणि पार्कलँडची अशी मैदाने आहेत, की ती पाहायला लोक परदेशांतून येतात. आम्ही मात्र "एकदा जाऊ" म्हणत राहिलो.

माझी खात्री आहे, की माणूस एखादी जागा सोडतो तेव्हा ती त्याला कोणी नीट दाखवलेलीच नसते. म्हणून संध्याकाळी त्याला फोन केला. या उन्हाळ्यात चार मैदाने मी त्याला दाखवणार. त्यानंतरही त्याला जावेसे वाटले, तर मी त्याविषयी पुन्हा शब्द काढायचा नाही. तो म्हणाला, "दाखव. पण बोलत दाखव."

१४ जून, गुरुवार

वोलटन पार्क. आरंभ पार्कलँडने केला.

पार्कलँड म्हणजे जुन्या सरदारांच्या राखीव उद्यानांत आखलेले मैदान. माती सकस, गवत दाट, आणि झाडे अशी अंतराअंतराने लावलेली, की प्रत्येकाला आपला पूर्ण आकार धारण करता यावा. वोलटनला तर टेकडीच्या माथ्यावर चारशे वर्षांपूर्वीचा दगडी प्रासाद उभा आहे. खेळताना तो कधी डावीकडे दिसतो, कधी पाठीशी. जणू आपण चालत नसून तोच आपल्याभोवती संथपणे फिरत आहे. आणि हरणे! शिंगांवर अजून मखमल असलेले नर फेअरवेवर, म्हणजे खेळण्याच्या आखूड गवताच्या पट्ट्यावर, खुशाल बसलेले असतात. मी कितीतरी वेळ नुसता पाहत राहिलो.

मनीषावहिनी आम्हांला सोडायला आल्या होत्या. हल्ली गाडी त्याच चालवतात. जाताना मला म्हणाल्या, "तुम्ही बरोबर आहात म्हणून मी निर्धास्त जाते, भाऊजी." माझ्या सोबतीची अशी दाद मला घरी मिळत नाही.

रघुवीर आज अतिशय खुशीत होता. एका ठिकाणी मी चेंडू मारणार इतक्यात त्याने मला थांबवले.

"थांब रे. त्या गृहस्थाला आधी पुढे जाऊ दे."

मी पाहिले. फेअरवेच्या मधोमध एक तांबूस नर हरीण उभे होते.

"गृहस्थच आहे," मी म्हणालो, "फक्त टोपी जरा मोठी घातलीय."

त्याने मान तिरपी करून पुन्हा तिकडे पाहिले आणि मग इतका हसला, की डोळे पुसावे लागले. त्याचा विनोद हा असा, चेहरा न हलवता केलेला.

दोन गोष्टी खटकल्या. एक, त्याने भडक नारिंगी चेंडू आणला होता. असे चेंडू लोक बर्फ पडल्यावर वापरतात. "फॅशन आहे, प्रोफेसर," म्हणाला. दोन, गुणपत्रिका त्याने माझ्याच हाती दिली. पण एक गोष्ट मनाला फार भावली. प्रत्येक टीवर, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात त्या चौथऱ्यावर, तो उभा राहतो आणि म्हणतो, "हं, बोल. समोर काय आहे?" मी सांगतो: डावीकडे ओकची रांग, उजवीकडे जमीन उतरते, पलीकडे तळ्याची चमक. मी थांबलो की तो विचारतो, "पुढे?"

सगळ्या अध्यापनकाळात एकाही विद्यार्थ्याने मला "पुढे?" असे विचारले नव्हते.

२६ जून, मंगळवार

काल दिवसभर पाऊस कोसळला. उत्तरेकडे गावे पाण्याखाली आहेत, आणि इथल्या सखल भागातही रस्ते बंद. रघुवीरचा फोन: "आता तुझी मैदानं बोटीतून दाखव."

मी त्याला समजावून सांगितले, की हीथलँडची गंमत नेमकी इथेच आहे. चिकणमाती पाणी धरून ठेवते. वाळू ते जाऊ देते. नॉटिंगहॅमच्या उत्तरेला भूगर्भात वाळूच्या खडकाचा प्रचंड थर आहे. त्यावरची माती इतकी निकृष्ट, की शेतकऱ्याने तिच्याकडे पाठ फिरवली. म्हणूनच ती नांगरापासून वाचली आणि हीथर नावाचे खुरटे, चिवट झुडूप तिथे टिकले. नापीक ठरलेल्या जमिनीवर जगातील सर्वोत्तम गोल्फ व्हावे, यात मला काही न्याय दिसतो.

"पुढे?" रघुवीर म्हणाला. फोनवरसुद्धा.

१२ जुलै, गुरुवार

शेरवुड फॉरेस्ट. माझे भाकीत खरे ठरले! सगळा प्रदेश ओलाचिंब असताना इथे पायाखालची जमीन कोरडी, लवचीक, किंचित उसळी देणारी. रुपेरी सालीच्या बर्च झाडांमधून वाट जाते. दोन्ही बाजूंना हीथर. अजून पूर्ण फुललेले नाही, परंतु कळ्यांचा रंग चढू लागला आहे. त्यात चेंडू गेला, की झुडपाच्या काटक्या मुठीसारख्या त्याला आवळून धरतात. रघुवीरचे तीन चेंडू गेले. तिन्ही मी शोधून काढले. त्याने शोधण्याचा प्रयत्नही केला नाही. इतक्या चटकन हार मानणे त्याच्या स्वभावात नव्हते.

फटका मारताना तो मान जरा वळवून, चेंडूकडे तिरपा पाहतो. मी ती चूक दाखवली. "नवी स्टाईल आहे," म्हणाला. या स्टाईलने तो पूर्वीइतकाच सरळ मारतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

एका सशाच्या बिळाच्या तोंडाशी ताजी उकरलेली माती होती. मी गुडघे टेकून बसलो. हीथच्या जमिनीची खूण तिथे उघडी पडली होती: वर काळसर थर, त्याखाली राखेसारखी करडी वाळू. शतकानुशतके पावसाने तिच्यातले लोह धुऊन खाली नेलेले. मी दोन्ही थरांची चिमूट रघुवीरच्या दोन तळहातांवर ठेवली. त्याने अंगठ्याने ती बराच वेळ चोळली. एकदा डावी, एकदा उजवी.

"हे कळलं," तो म्हणाला. "हे हाताला दिसतं."

मागून आलेल्या दोघांना आम्ही पुढे जाऊ दिले. दोन म्हातारे बिळापाशी गुडघ्यांवर बसून काय करत आहेत, असे त्यांना वाटले असेल.

मला लहानपण आठवले. कामठीला छावणीच्या तारेबाहेर उभा राहून मी साहेबलोकांचा हा खेळ पाहत असे. ती एवढी मोकळी जमीन कशासाठी, असे मी बाबांना विचारले होते. "शिक, आणि आत जाऊन बघ," ते म्हणाले. मी शिकलो, तेही जमिनीबद्दलच. आज रघुवीरला हे सांगितले. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढचा सगळा उतार चालला.

२२ जुलै, रविवार

मृणालचे एक निरीक्षण. काल सुपरमार्केटमध्ये रघुवीर तिच्या समोरून, हातभर अंतरावरून निघून गेला. ओळख दिली नाही. तिने हाक मारल्यावर मात्र आवाजाच्या दिशेने वळून "काय वहिनी!" म्हणत गप्पा मारल्या.

"अहो, मला ते काही बरं दिसलं नाही," ती म्हणाली.

मी तिला समजावले, की अशा दुकानांतला प्रकाश वरून, सावली न पाडता येतो, त्यामुळे चेहऱ्याचा उठाव कमी होतो. शिवाय स्थलांतराच्या विचारात असलेला माणूस अन्यमनस्क असतो.

"तुम्ही सगळं समजावून सांगता," मृणाल म्हणाली. "कधी कुणाला काही विचारता का?"

तिचा रोख माझ्या लक्षात आला नाही.

९ ऑगस्ट, गुरुवार

हॉलिनवेल.

मी ज्या जमिनीविषयी आयुष्यभर बोललो, ती इतकी सुंदर असू शकते हे मला ठाऊक नव्हते. रस्त्यावरून काहीच दिसत नाही. झाडीतून आत गेलो आणि एकाएकी टेकड्यांच्या कुशीत एक दरी उघडली, आणि दरीच्या दोन्ही अंगांना हीथर फुललेले. जांभळा म्हणावा तर तितका गडद नाही, गुलाबी म्हणावा तर तितका कोवळा नाही. ढगाची सावली सरकली की तो विझतो, ऊन आले की पुन्हा पेटतो. ज्या झऱ्यावरून या जागेला नाव पडले त्याचे पाणी ओंजळीत घेतले. वाळूच्या खडकातून गाळून आलेले, दात कळवळावे इतके थंड. दुसऱ्या ग्रीनमागे, म्हणजे झेंडा रोवलेल्या गुळगुळीत हिरवळीमागे, खुर्चीसारखा एक खडक आहे. रघुवीर त्याच्यावर हात फिरवत राहिला, घोड्याच्या पाठीवर फिरवावा तसा.

तेराव्या टीवर आम्ही कड्यावर उभे होतो आणि ग्रीन फार खाली, दरीच्या तळाशी, टेबलावरच्या बशीएवढे.

"बोल," रघुवीर म्हणाला.

मी सांगू लागलो. वारा डावीकडून, झेंडा किंचित उजवीकडे झुकलेला. ग्रीनच्या अलीकडे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, पलीकडे चढण. डावी टेकडी कुठे सुरू होते, तिच्या खांद्यावर हीथर कुठवर येते, गवताचा रंग कुठे बदलतो.

"पुढे?"

तो डोळे मिटून ऐकत होता. मग डोळे उघडून, मान तिरपी करून, त्याने चेंडू मारला. असा फटका मी त्याच्या हातून कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. चेंडू आकाशात चढला, दरीवर क्षणभर थांबल्यासारखा वाटला आणि खाली झेंड्याशेजारी उतरला. रघुवीर तिकडे पाहतच नव्हता. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता.

"कुठे गेला?"

"झेंड्याला चिकटलाय! अरे, बघ ना!"

"तू बघ," तो म्हणाला. "तू नीट बघ आणि मला सांग."

मागचे लोक खोळंबले होते, तरी मी सांगितले. मला वाटते, मी जिंकत आहे. असे मैदान पाहिल्यावर हे गाव सोडून कोण जाईल?

१९ ऑगस्ट, रविवार

रघुवीरचे घर विकले गेले.

मी चहाच्या टेबलाशी बसून राहिलो. मृणालने बिस्किटांची बशी पुढे केली आणि मला हसवण्यासाठी म्हणाली, "कदाचित तुमच्या बडबडीलाच कंटाळून चाललेत भाऊजी. स्टॅनमोरपर्यंत आवाज पोचणार नाही ना!"

ती थट्टा होती. परंतु ती गेली नाही, मनात बसली. लेक्चर्समधून रिटायर होणार, असे तो स्वतःच म्हणाला नव्हता का? अठराच्या अठरा होलांवर, म्हणजे चौथऱ्यापासून झेंड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर, एखाद्याने माती, वारा आणि झाडे ऐकत का राहावे? त्याचे "पुढे?" हे सौजन्य असेल. डॉक्टर लोक रोग्याला बोलू देतात, तसे.

मी निर्णय घेतला आहे. शेवटचे मैदान वुडहॉल स्पा. तिथे मी गप्प राहीन. उगाच अबोला धरल्यासारखे वाटू नये म्हणून निमित्तही सापडले: आम्ही रीतसर सामना खेळायचा. नियमानुसार प्रतिस्पर्ध्याला खेळाविषयी सल्ला देता येत नाही. चेंडूपासून झेंड्याचे अंतर सांगणेसुद्धा नियमबाह्य.

फोनवर सांगितले.

"मॅच? खरीखुरी?"

"तुला नको असेल तर—"

"नाही नाही. नियम म्हणजे नियम, प्रोफेसर."

६ सप्टेंबर, गुरुवार. वुडहॉल स्पा

सगळे क्रमाने लिहितो. तसे लिहिले तरच मला लिहिता येईल.

लिंकनशायर सपाट आहे, काळ्या सुपीक जमिनीचा. त्या सपाटीत मधेच वाळूचा एक तुकडा उरला आहे. त्यावर हीथर, पाइन, बर्च, आणि दूर विटांचा एक एकाकी, पडका मनोरा. इथले बंकर म्हणजे विहिरीच. काही माणसाच्या उंचीहून खोल. आत उतरलेल्याचे डोकेही दिसू नये. मी थक्क झालो होतो, आणि थक्क झालो असता गप्प राहणे माझ्यासाठी किती कठीण आहे हे आज मला कळले. मनोरा दिसला तेव्हा जीभ चावली.

रघुवीरने पहिल्या टीवर नेहमीप्रमाणे वाट पाहिली. मी पादत्राणांची नाडी बांधत बसलो. त्याने चेंडू मारला. तो झाडीत गेला. दुसऱ्यावर तेच. तो बहुतेक होल हरत होता आणि मी जिंकत होतो, आणि आमच्यात "तुझा चेंडू", "माझा चेंडू" याखेरीज शब्द नव्हता. मला वाटले, त्याला ही शांतता आवडत आहे.

बाराव्या होलवर ग्रीन उंचावर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ते खोल बंकर. मी माझ्या चेंडूकडे निघालो होतो. रघुवीर आपली बॅग खांद्यावर घेऊन सरळ ग्रीनकडे चालला. सरळच चालत राहिला. बंकरच्या काठावरून त्याने पाऊल पुढे टाकले, जिथे जमीन नव्हती, आणि दिसेनासा झाला.

मी धावलो. तो खाली वाळूत उताणा पडला होता. काठ्या चहूकडे विखुरलेल्या. मी घसरत त्याच्यापाशी उतरलो.

"लागलं का?"

"इगोला. बाकी सगळं हलतंय." तो केसांतली वाळू झटकू लागला. "अरे, इथे खड्डा आहे हे तरी सांगायचं."

"रघू, हा काही लपलेला खड्डा नाही. टीवरून स्पष्ट दिसतो."

"तुला," तो म्हणाला.

वर वाऱ्याचा आवाज येत होता. खाली वाराही नव्हता.

"मधलं सगळं गेलंय," तो सांगू लागला. "दोन्ही डोळ्यांचं. दोन वर्षं होत आली. मी तुझ्याकडे बघतो ना, तेव्हा तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. तोंड ऐकू येत होतं, म्हणून चाललं होतं. आज सकाळपासून तू गप्प बसलास आणि मैदान दिसेनासं झालं रे."

वोलटनचा तो गृहस्थ मला आठवला. मग बाकीचे सगळे एकदम.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तू मला रेटिना समजावून दिली असतीस! मी डॉक्टर आहे, पद्माकर. मला रेटिना नको होती. मला मैदान हवं होतं." त्याने मूठभर वाळू बाजूला सारली. "ते तू दिलंस. हॉलिनवेलचं तर माझ्याकडे जसंच्या तसं आहे. पण आज काय झालं होतं तुला?"

"मला वाटलं, तू माझ्या बोलण्याला कंटाळून चालला आहेस."

"कोण म्हणालं?"

"मृणाल."

"वहिनींना म्हणावं, कंटाळलो असतो तर अठ्ठावीस वर्षांपूर्वीच गेलो असतो. मनीषाला रात्रीचं ड्रायव्हिंग जमत नाही, मला तर दिवसाचंही नाही. दिया जवळ हवी. एवढंच आहे रे."

वाळूत बसल्या बसल्या मी नियम आठवला. प्रतिस्पर्धी बोलू शकत नाही; पण कॅडी, खेळाडूची बॅग वाहणारा, त्याला हवे ते सारे सांगू शकतो. मी म्हणालो, "मी सामना सोडला. तू जिंकलास." त्याच्या काठ्या गोळा केल्या, बॅग माझ्या खांद्यावर घेतली, आणि माझी स्वतःची एका बर्चला टेकवून ठेवली.

"हे काय?"

"माझा हात धर. काठ इथून तीन पावलांवर आहे, वाळू भुसभुशीत, मग गवताची कड. वर गेलास की उजव्या अंगाला उघडं रान लागेल, आणि लांब, फार लांब, विटांचा एक मनोरा आहे. तो मी तुला सकाळी दाखवायला हवा होता."

"पुढे?" रघुवीर म्हणाला.

३० सप्टेंबर, रविवार

ते गेले. मी दिलेला शब्द पाळला. जाण्याविषयी काही बोललो नाही. मनीषावहिनी गाडीत बसण्याआधी इतकेच म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हांला कळलंय, भाऊजी. म्हणूनच तुम्ही इतकं सांगता." मी त्यांना खरे काय ते सांगितले नाही.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ट्रेनने लंडन, तिथून जुबिली लाइनने थेट शेवटचे स्टेशन. रघुवीर स्टॅनमोरच्या टेकडीवरच्या क्लबच्या दारात उभा होता. माझ्या पावलांवरून ओळखले म्हणाला.

"तुझी बॅग कुठाय?"

"आणली नाही. कॅडी दोन बॅगा उचलत नाही."

पहिल्या टीवर पोहोचलो. शरद ऋतूतले पार्कलँड मी याआधीही पाहिले आहे. माझी वाक्ये तयार होती: ओकची जात, उताराची दिशा, दवाने भिजलेल्या चिकणमातीवर चेंडू किती धावेल. रघुवीरने नारिंगी चेंडू टीवर ठेवला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, "हं, बोल."

मला मृणालचा प्रश्न आठवला.

"आज आधी तू सांग," मी म्हणालो. "तुला काय दिसतं?"

तो जरा गोंधळला. मग मान सावकाश एकीकडे वळवली, मग दुसरीकडे.

"कडेला पिवळं आहे," तो म्हणाला. "खूपच पिवळं. दोन्ही बाजूंनी. वरती उजेड, हलणारा, म्हणजे पानं गळत असणार. मध्ये धुकं. आणि धुक्याच्या काठावर तुझा एक कान, लाल झालेला. थंडी वाजतेय वाटतं तुला."

मी त्याची बॅग खाली ठेवली.

"पुढे?" मी विचारले.